घरची बाग : शिंक्यांतील बदाममाळ

वाड्याच्या परसांत केळ, कर्दळ, आळू आणि गवती चहा. पुढच्या अंगणांत तुळशीवृंदावन. कुंपणाला जास्वंद आणि कण्हेर. घरच्या बागेचें हें जुनें चित्र आपल्यापैकीं पुष्कळांच्या केवळ स्मरणांत उरलें आहे. वाडे गेले, त्यांच्या जागीं मजल्यांवर मजले चढले, आणि परसाचा सारा भार आतां दोनतीन हात लांबीच्या सज्ज्यावर येऊन पडला आहे. त्यांतही ज्या घरांत आजीपासून नातवंडांपर्यंत आठदहा माणसें एकत्र नांदतात, तेथें सज्ज्याची जमीन ओलीं धुणीं, पादत्राणें आणि मुलांच्या सायकली यांनीं आधींच व्यापलेली असते. अशा घरांनीं बागेची हौस सोडून द्यावी काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. पायाखालीं जमीन नसली तरी डोक्यावर छत आहे. आणि जी वेल जमीन मुळींच अडवीत नाहीं, उलट वरून खालीं उतरते, तिच्यासाठीं छताचा एक आंकडा पुरे होतो.

अशाच एका लोंबत्या वेलीची माहिती आम्ही या महिन्यांत देत आहों. रोपवाटिकांतून ती ‘स्ट्रिंग ऑफ हार्ट्‌स’ या इंग्रजी नांवानें विकली जाते. तिचें शास्त्रीय नांव सेरोपेजिया वुडिआय असें आहे. संस्कृतप्रिय वाचक तिला हृदयमाला म्हणतील. परंतु पत्त्यांच्या डावांत ज्या आकृतीस आपण पिढ्यान् पिढ्या बदाम म्हणत आलों, तीच आकृति या पानांची असल्यामुळें बदाममाळ हें नांव आम्हांस अधिक घरगुती वाटतें. सुतळीहूनही बारीक, जांभळट आणि तारेसारखे चिवट असे हिचे देठ. त्यांवर ठराविक अंतरानें समोरासमोर येणाऱ्या पानांच्या जोड्या. प्रत्येक पान अंगठ्याच्या नखाएवढें, जाडसर, वरून गर्द हिरवें आणि त्यावर रुपेरी नक्षी, खालून फिकट किंवा जांभळट. जोमानें वाढलेल्या वेलीचे सर दोन मीटरपर्यंत, कधीं त्याहूनही लांब लोंबतात. देठाच्या पेरांपाशीं वाटाण्याएवढे करडे कंद धरतात, त्यामुळें जपमाळेच्या मण्यांची आठवण होते. इंग्रजींत तिचें दुसरें नांव जपमाळेवरूनच पडलें आहे.

या वेलीचें माहेर दक्षिण आफ्रिका. जॉन मेडले वुड नांवाच्या गृहस्थास १८८१ सालीं नाताळ प्रांतांतील ग्रोएनबर्ग या डोंगरावर, सुमारें १८०० फूट उंचीवर, खडकांवरून लोंबत असलेली ही वेल आढळली. पुढील वर्षीं तो डर्बन येथील वनस्पति-उद्यानाचा प्रमुख झाला. १८९४ सालीं रुडॉल्फ श्लेश्टर या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञानें तिचें शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केलें आणि शोधकाचें नांव वेलीस दिलें. हा इतिहास आम्ही केवळ माहितीसाठीं सांगत नाहीं. वनस्पतीची जोपासना कशी करावी, हें तिचें माहेर कसें होतें त्यावरून निम्में कळतें. खडकाच्या फटींत मूठभर माती असते. पाऊस पडला कीं पाणी क्षणभर टिकून निघून जातें. वरच्या कातळाची आणि झुडुपांची विरळ सावली असते. आणि दोन सरींमधील कोरडे दिवस काढण्यासाठीं वेल आपली शिदोरी पानांत व कंदांत सांठवून ठेविते. बदाममाळेच्या संगोपनाचे सर्व नियम या चार गोष्टींतून निघतात.

तथापि नियमांकडे वळण्यापूर्वीं एका निराळ्याच गोष्टीकडे वाचकांचें लक्ष वेधणें आम्हांस अवश्य वाटतें. एकत्र कुटुंबांत अशा वेली बहुधा उपेक्षेनें मरत नाहींत. त्या अति मायेनें मरतात. सकाळीं आजोबा देवपूजेनंतर तांब्यांतील उरलेलें पाणी कुंडींत ओततात. दहा वाजतां सासूबाई तांदुळाचें धुवण घालतात. दुपारीं मुलें शाळेच्या बाटलींतील पाणी तिच्यावर रितें करितात. आणि सायंकाळीं, ‘आज कोणी पाणी घातलेलें दिसत नाहीं,’ असें म्हणून घरची सून पुन्हा भांडें घेऊन येते. प्रत्येकाचा हेतु निर्मळ. परंतु पंधरा दिवसांनीं पानें मलूल होतात आणि महिन्यानें वेल गळून जाते. मग दोष कोणाच्या पदरांत पडतो? जी सर्वांत नवी, तिच्या. ‘हिच्या हाताला झाड लागत नाहीं,’ हें वाक्य आपल्या घरांतून आजही ऐकूं येतें, आणि तें बोलणाऱ्यास त्यांत कांहीं कठोर आहे असें वाटतही नाहीं. ऐकणारीस मात्र तें वर्षानुवर्षें विसरतां येत नाहीं. आमचें म्हणणें स्पष्ट आहे : हाताला गुण किंवा अवगुण नसतो. कुंडीस छिद्र असतें किंवा नसतें, माती पाणी सोडते किंवा धरून ठेविते, आणि पाणी एकजण घालतो किंवा चौघे घालतात. वेल मेली तर प्रथम कुंडी उलटी करून पाहावी. माणसाचा विचार त्यानंतर करावा.

कुंडी उलटी केल्यावर काय दिसतें तें सांगतों. मुळांस पाण्याइतकीच हवेचीही गरज असते. मातीच्या कणांमधील पोकळ्या सतत पाण्यानें भरलेल्या राहिल्या म्हणजे मुळांचा श्वास कोंडतो. तीं मरतात, काळीं व बुळबुळीत होतात, आणि त्यांवर बुरशी चढते. मुळें मेलीं कीं पानांस पाणी पोहोंचत नाहीं, आणि पानें सुरकुततात. येथेंच सर्वांची फसगत होते. तहानलेल्या वेलीचें पान आणि कुजलेल्या वेलीचें पान दिसावयास जवळजवळ सारखेंच असतें. पाहणारा तहान समजून आणखी पाणी घालतो, आणि उरलेलीं मुळेंही जातात. हा फरक ओळखण्याचा एकच उपाय आहे, तो म्हणजे मातींत बोट घालून पाहणें. पान सुरकुतलेलें आणि माती कोरडी, तर वेलीस तहान आहे. पान सुरकुतलेलें आणि माती ओली, तर मुळें कुजत आहेत. दुसऱ्या प्रसंगीं पाणी तत्काळ बंद करावें, वरचे निरोगी सर कापून घ्यावे आणि पुढें सांगितल्याप्रमाणें त्यांचीं नवीं रोपें करावीं. जुनी कुंडी वांचविण्याच्या भरांत निरोगी सरही हातचे घालवूं नयेत.

पाणी केव्हां घालावें याचें उत्तर दिवस मोजून देतां येत नाहीं; तें वेलीस विचारावें. पान चिमटींत धरून हलकेंच वांकवून पाहावें. तें ताठ व भरलेलें लागलें तर त्याच्या कोठींत पाणी आहे. मऊ पडून सहज वांकलें, आणि बोटाच्या दोन पेरांएवढी माती कोरडी असली, तर पाणी द्यावें. देतांना मात्र चमचाभर शिंपडूं नये. कुंडीच्या तळांतून वाहूं लागेपर्यंत पोटभर द्यावें, आणि तबकडींत सांचलेलें पाणी ओतून टाकावें. साधारणपणें पुण्यासारख्या हवेंत उन्हाळ्यांत आठवड्यानें, पावसाळ्यांत दहापंधरा दिवसांनीं आणि थंडींत दोनतीन आठवड्यांनीं अशी पाळी येते. परंतु हे आंकडे केवळ अंदाजासाठीं आहेत. घरांत माणसें अनेक असतील तर पाण्याचा अधिकार एकाच व्यक्तीकडे द्यावा. आमच्या मतें तो घरांतील नऊदहा वर्षांच्या मुलास किंवा मुलीस द्यावा. ‘पान चिमटींत धरून पाहा आणि मगच ठरीव’ हें त्या वयास मोठें गमतीचें काम वाटतें. आणि आठवडाभर कांहीं न करतां केवळ लक्ष ठेवणें हेंही काम आहे, हा धडा पुस्तकांत सहसा मिळत नाहीं.

माती व कुंडी यांविषयीं फार विस्तार नको. बागेंतील चिकण माती एकटी कधींही वापरूं नये. एक भाग चांगली माती, एक भाग कुजलेल्या पानांचें खत आणि दोन भाग जाड वाळू किंवा विटांचा बारीक चुरा असें मिश्रण करावें; मुठींत दाबून सोडल्यावर त्याचा लाडू न होतां तें सुटें पडलें म्हणजे योग्य झालें. भाजक्या मातीची उथळ कुंडी सर्वांत उत्तम, कारण तिच्या अंगांतूनही ओल उडून जाते. कुंडी मुळांच्या मानानें मोठी घेऊं नये. ज्या मातीपर्यंत मुळें पोहोंचत नाहींत तिच्यांतील ओल कोणी पीत नाहीं, आणि कुजण्यास तेथूनच आरंभ होतो. लहान रोपासाठीं नारळाची करवंटीही चालते; तिच्या तळास दोनतीन भोंकें मात्र पाडून घ्यावीं. टांगण्यासाठीं विकतची सांखळी आणलीच पाहिजे असें नाहीं. ज्या शिंक्यांत एके काळीं दूधदह्याचीं मडकीं मांजरापासून सुरक्षित राहत, तें सुताचें किंवा काथ्याचें शिंकें या वेलीस फार शोभतें, आणि तें कसें विणावें हें घरांतील वृद्ध स्त्रियांस अजून ठाऊक असतें. त्यांच्याकडून तें शिकून घेण्यास ही एक चांगली संधि आहे.

प्रकाशाच्या बाबतींत एक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानांत येत नाहीं. वेल टांगतांना कुंडी छताला अगदीं भिडवून लावतात. त्यामुळें लोंबत्या सरांवर उजेड पडतो, पण कुंडीच्या माथ्यावर अंधार राहतो. मग वरचीं पानें झडतात, माथ्यास टक्कल पडतें, आणि खालीं चार दोऱ्या तेवढ्या लोंबत राहतात. म्हणून खिडकीच्या वरच्या कडेपेक्षां कुंडीचा माथा खालीं राहील अशा बेतानें ती टांगावी. पूर्वेकडील कोंवळें ऊन या वेलीस मानवतें. वैशाखांतील दुपारचें ऊन, विशेषतः विदर्भ-मराठवाड्यांतील, पानें भाजून काढतें. उजेड कमी पडला तर पानांच्या जोड्यांमधील अंतर वाढतें आणि रुपेरी नक्षी फिकट होते. अशा वेळीं कुंडी खिडकीच्या जवळ आणावी. टक्कल पडलेल्या माथ्यावर सोपा इलाज आहे. एकदोन लांब सर वर उचलून मातीवर वाटोळे पसरावे आणि पेरापेरापाशीं केसांच्या आंकड्यानें हलकेच दाबून ठेवावे. थोड्याच आठवड्यांत पेरांस मुळें फुटतात आणि माथा पुन्हा भरून येतो.

आपल्या प्रांतांत या वेलीची खरी परीक्षा आषाढ-श्रावणांत होते. कोंकणपट्टींत आणि मुंबईंत त्या दिवसांत हवाच इतकी ओली असते कीं, माती आपोआप वाळत नाहीं. कुंडी पागोळ्यांच्या आंत, वारा खेळेल अशा जागीं ठेवावी आणि पाण्याचें भांडें दूर ठेवावें. मार्गशीर्ष-पौषांत वेल विसांवा घेते; तेव्हां खत देऊं नये. नाशिक किंवा नागपूर येथें रात्रीचें तापमान १० अंशांच्या खालीं जाऊं लागलें कीं, तिला घरांत घ्यावें. फाल्गुनापासून नवी पालवी येते. तेव्हांपासून पावसाळ्याच्या आरंभापर्यंत महिन्यांतून एकदां अगदीं पातळ केलेलें द्रवखत पुरेसें होतें. किडींपैकीं पिठ्या ढेकूण हा मुख्य शत्रु. पानांच्या बेचक्यांत कापसासारखे पांढरे ठिपके दिसले कीं, स्पिरिटांत भिजविलेल्या कापसाच्या बोळ्यानें ते टिपून काढावे. उपद्रव अधिक असल्यास कडुनिंबाचें तेल आणि थोडा साबण पाण्यांत मिसळून सायंकाळीं फवारावें.

येथें एक सूचना अवश्य करितों. हिच्यासारखीच लोंबणारी, हिरव्या मोत्यांच्या सरासारखी दिसणारी आणखी एक वेल बाजारांत मिळते. ती सूर्यफुलाच्या कुळांतील असून हिची कोणी नव्हे; आणि तिचे मोती पोटांत गेल्यास अपाय होतो. रांगत्या मुलांच्या घरीं ती हाताला लागेल अशी टांगूं नये.

बदाममाळेस फुलेंही येतात, आणि तीं निरखून पाहण्यासारखीं असतात. इंचभर लांबीची फिकट गुलाबी नळी, तळाशीं फुगीर. वरच्या टोंकास गडद जांभळ्या पाकळ्या, परंतु त्या उमलून दूर न होतां शेंड्याशीं एकमेकींस जोडलेल्याच राहतात, त्यामुळें फुलास लहानशा कंदिलाचा आकार येतो. नळीच्या आंत खालच्या बाजूस वळलेले केस असतात. बारीक माशी वासानें आंत शिरते. उतरणें सोपें, परंतु चढतांना केसांची आडकाठी होते. तेथें धडपडत असतां परागांची थैली तिच्या अंगास चिकटते. फूल मावळूं लागलें कीं केस मऊ पडतात, नळी कलते, आणि माशी सुखरूप बाहेर पडून दुसऱ्या फुलाकडे जाते. ही वेल रुईच्या कुळांतील आहे, हें तिच्या शेंगेवरून ओळखतां येतें. शेंग तडकली कीं रुईप्रमाणेंच रेशमी केसांचें बीं वाऱ्यावर उडतें. मुलें ज्याला म्हातारी म्हणून पकडावयास धांवतात, तेंच हें.

आतां आम्ही या लेखाच्या मुख्य हेतूकडे येतों. सेरोपेजिया हें प्रजातीचें नांव कार्ल लिनियसनें १७५३ सालीं दिलें. मेण आणि कारंजें या अर्थांच्या ग्रीक शब्दांपासून तें बनलेलें आहे. तें देतांना त्यानें ज्या वर्णनांचा आधार घेतला, त्यांत व्हान ऱ्हीड या डच अधिकाऱ्याच्या ‘हॉर्टस मलबारिकस’ या ग्रंथांतील मलबारच्या एका वेलीचें चित्र होतें. हा ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळांत ॲम्स्टरडॅम येथें प्रसिद्ध झाला. म्हणजे आफ्रिकेच्या या वेलीस मिळालेलें घराण्याचें नांव आपल्याच पश्चिम किनाऱ्यावरून गेलेलें आहे! आणि त्या घराण्याच्या कित्येक शाखा सह्याद्रींत नांदत आहेत. मराठींत त्यांस कंदीलपुष्प किंवा खरपुडी म्हणतात. एका जातीस पांचगणीचें नांव आहे, एकीस प्रत्यक्ष सह्याद्रीचें. एक हरिश्चंद्रगडाच्या कड्यांवर आढळते. एक कासच्या पठारावर गवतांत उभी असते. त्यांतील अनेक जाति पश्चिम घाटाबाहेर जगांत कोठेंही नाहींत. भारतीय वनस्पति सर्वेक्षणाच्या एम. वाय. अन्सारी यांनीं १९८४ सालीं या प्रजातीवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. आणि कोल्हापूर येथील शिवाजी विद्यापीठांत प्रा. श्रीरंग यादव यांनीं या दुर्मिळ वेली गोळा करून त्यांची रोपें वाढविण्याचें काम केलें.

या वेली दुर्मिळ कां झाल्या? त्यांचे कंद खाण्याजोगे असतात. गुराखी ते उकरून कच्चेच खातात, आणि रानडुकरें व साळिंदरेंही त्यांच्या मागावर असतात. परंतु हें पूर्वापार चालत आलेलें आहे. नवें संकट निराळें आहे : पठारांवरील खाणी व बांधकामें, उन्हाळ्यांत लावलेले वणवे, आणि अलीकडे भर पडली आहे ती हौशी लोकांची. पावसाळ्यांत कासला किंवा घाटमाथ्यावर सहलीस गेलेली सुशिक्षित मंडळी एखादें कंदीलपुष्प पाहून हरखतात आणि ‘घरीं लावूं’ म्हणून तें उपटून पिशवींत घालतात. कासचा समावेश २०१२ सालीं युनेस्कोच्या जागतिक वारशांत झाला आहे, हें त्यांस ठाऊक असतें. परंतु एका वेलीनें काय होतें, असा विचार मनांत येतो. वस्तुतः उपटलेली वेल शिंक्यांत जगत नाहीं. बदाममाळ बारा महिने हिरवी राहते. या रानवेली मात्र भाद्रपद-आश्विनांत फुलून झाल्या कीं वाळून जातात आणि कंद जमिनींत झोंपी जातो. फुलाच्या दिवसांत ओढून काढलेला कंद तुटतो, आणि शहरांतील कुंडींत त्यास ना त्याचा कातळ मिळतो ना त्याची झोंप. घरीं एक वेल मरते, आणि डोंगरावर पुढील वर्षाचें बीं कमी होतें. ज्या जातीची सारी वसती दोनचार कड्यांवरच आहे, तिच्यासाठीं एक वेल म्हणजे लहान गोष्ट नव्हे. आमचें वाचकांस आग्रहाचें सांगणें आहे कीं, मुलांना ती कंदिलाची फुलें जरूर दाखवावीं, गुडघे टेंकून दाखवावीं, आणि तेथेंच ठेवून परत यावें. घरांत तेंच यंत्र पाहण्यासाठीं बदाममाळ आहेच.

आणि बदाममाळ कोणासही कमी पडूं नये इतकी ती उदार आहे. देठावरील कंद तोडून न काढतां, सरासकटच लहान करवंटींतील मातीवर अर्धा बुडेल असा ठेवावा; मुळें धरलीं म्हणजे मग सर कापून वेगळा करावा. किंवा दोनतीन जोड्या असलेला सराचा तुकडा घेऊन त्याचें खालचें पेर पाण्याच्या पेल्यांत बुडवून ठेवावें. दोनतीन आठवड्यांत पांढरीं मुळें दिसूं लागतात. पावसाचा जोर ओसरल्यावर, भाद्रपदाच्या अखेरीस किंवा आश्विनांत, अशीं पंधरावीस रोपें करून ठेविलीं तर संक्रांतीपर्यंत तीं आपल्या पायांवर उभीं राहतात. हळदीकुंकवास वाण म्हणून काय लुटावें हा प्रश्न दरवर्षीं घरोघर पडतो, आणि प्लास्टिकच्या डब्यांनीं आपलीं कपाटें भरून गेलीं आहेत. यंदा करवंटींतील एकेक बदाममाळ द्यावी. सोबत तोंडीं एवढेंच सांगावें : ‘पान वांकलें तरच पाणी, आणि तेंही एकाच हातानें.’ हें वाण देण्याचा मान या वर्षीं घरांतील सर्वांत नव्या सुनेस दिला, तर झाड कोणाच्या हाताला लागतें या जुन्या वादाचा निकालही रथसप्तमीपर्यंत आपोआप लागेल.